दोन तासांत कंटाळा आणि दीड दिवस कानात शिट्टी: टेक्नोच्या रात्री नेमकं काय चुकतं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, तो टेक्नो या यंत्रांवर वाजणाऱ्या नाचाच्या संगीताबद्दल आहे. विचारणारा 24 वर्षांचा, कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारा, गोकुळ शिरगावला फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग ग्राइंडरवर घासून साफ करायला, असणारा. तो लिहितो: "लहानपणापासून गणपतीत डॉल्बीपुढं नाचत आलोय. गेल्या महिन्यात पुण्यात मित्रानं एका अंडरग्राउंड टेक्नो पार्टीला नेलं. एकदम पुढं, बॉक्सला हात लागेल असा उभा होतो. दोन तासांत कंटाळलो, सगळं एकसारखंच वाटलं, आणि कान दीड दिवस वाजत होते. येत्या शनिवारी कोल्हापूरजवळच तसलीच रात्र आहे, नऊ ते पहाटे पाच. ठिकाण संध्याकाळी फोनवर कळणार म्हणे. मावसबहीण 'मी पण येतो' म्हणून मागं लागलीय. हे संगीत माझ्यासाठी नाही का? की माझंच काही चुकलं? जावं का?"

भावा, "माझ्यासाठी आहे का" हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. त्याचं उत्तर एका रात्रीत मिळत नाही, आणि पुण्याची ती रात्र तर या हिशोबात धरूच नकोस. मला खरी अडचण अशी दिसते की तू टेक्नो ऐकायला गेलास ते डॉल्बीच्या सवयीनं. उभाही तसाच राहिलास. कंटाळा आणि कानातली शिट्टी, दोन्ही त्या एकाच जागेवरून आलेत.

मी 21 वर्षं साऊंडच्या धंद्यात आहे. सुरुवात टेम्पोतून बॉक्स उतरवण्यापासून झाली, मग मिरवणुकीत ऑपरेटर, आणि गेली 9 वर्षं हाऊस-टेक्नोच्या रात्रींना सिस्टीम लावतो, ट्यून करतो आणि संपेपर्यंत तिच्यापाशी उभा असतो. गोव्यात जास्त, पुण्यात कधीमधी, आपल्याकडं क्वचित. तेव्हा दोन्हीकडचं पाहिलंय ते सांगतो. पुण्यातला तुझा हॉल मी पाहिलेला नाही, सिस्टीम कुणी लावली होती हेही ठाऊक नाही. हॉल पत्र्याचा असेल, अॅम्प क्लिप होत असेल, म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओढल्यानं आवाज फाटत असेल, तर जगातला सगळ्यात चांगला डीजेही तिथं पंधरा मिनिटांत डोकं उठवतो. त्यामुळं सगळं तुझ्यावर ढकलत नाही. पण तुझ्या हातात काय आहे ते बघू.

मिरवणुकीतल्या डॉल्बीचं काम काय असतं? रस्ता उघडा. वर आभाळ, बाजूला गर्दी, पुढच्या मंडळाची गाडी पन्नास पावलांवर. गाणं चार मिनिटांचं, त्यातलं उचलून धरायचं कडवं एक. गाडी मिरजकर तिकटीला आली की ऑपरेटरनं सगळे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या कळा, वर नेल्याच पाहिजेत, नाहीतर शेजारचा आवाज आपल्यावर बसतो. म्हणजे पहिल्या मिनिटापासून सगळं टोकावर. माणूस तिथं वीस मिनिटं जीव तोडून नाचतो, बाजूला येतो, पाणी पितो, परत घुसतो. त्या कामाला ते बरोबर आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच भिंतीपुढं मी मोठा झालोय.

टेक्नोची रात्र सहा-आठ तासांची असते. तिथं वाजवणारा तुला पहिल्या तासात टोकावर नेतच नाही. नेलं तर पुढच्या पाच तासांत न्यायला जागा उरत नाही. तू कडव्याची वाट बघत उभा राहिलास, आणि या संगीतात कडवं येतच नाही. मग दोन तासांनी माणूस म्हणणारच की सगळं एकच वाजतंय.

हे संगीत आलं कुठून हे कळलं की बरंच सोपं होतं. 1977 पासून शिकागोत वेअरहाऊस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स वाजवायचा. त्या क्लबाच्या नावावरूनच तिथल्या नाचाच्या संगीताला 'हाऊस' हे नाव पडलं असं मानतात. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथं हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन साँडर्सन या तीन शाळूसोबत्यांनी ऐंशीच्या दशकात ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर जे घडवलं ते टेक्नो. ड्रम मशीन म्हणजे रोलंड कंपनीचं 808, ते 1980 ला आलं, आणि मग 1983 चं 909. आज तू जो 'धप्' ऐकतोस तो बहुतेक वेळा त्या 909 च्याच घराण्यातला असतो. तू स्वतः फाउंड्रीत आहेस, तुला हे पटेल: एका लयीत चालणाऱ्या यंत्रापाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या लयीतले बारीक फरक ऐकू येतात. ग्राइंडरचा दगड घासत आला की तू न बघता ओळखतोस. टेक्नो ऐकायला हाच कान लागतो, आणि तो तुझ्याकडं आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी ह्याच रोलंडच्या यंत्रांवर, 808 च्या ठेक्यावर आणि 303 नावाच्या बेसच्या मशीनवर, आपले राग वाजवून रेकॉर्ड केले. शिकागोतून अॅसिड हाऊस, म्हणजे ह्याच 303 वर घडलेलं हाऊस, बाहेर पडायच्या काही वर्षं आधी. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी ऐकली नाही, पुढं जगभरातल्या लोकांनी शोधून काढून ऐकली. त्यामुळं हे संगीत परक्यांचं आहे, आपल्याला कळणार नाही, असं मनात आणूच नकोस.

आता ऐकायचं कसं. हिशोब करून बघ. टेक्नो साधारण 125 ते 140 च्या वेगात असतं. 130 धरू. मिनिटाला 130 ठोके, चार ठोक्यांचं एक आवर्तन, तशा सोळा आवर्तनांना साधारण अर्धा मिनिट लागतो. जवळजवळ प्रत्येक ट्रॅकमध्ये या आठ-सोळा आवर्तनांच्या टप्प्यावर काहीतरी बदलतं. एक टाळी वाढते, एक आवाज निघून जातो, आवाज दबका-मोकळा करणारा फिल्टर थोडा उघडतो. एका वेळी एकच गोष्ट. सगळं एकदम ऐकायला गेलास तर भिंतीसारखं वाटेल. त्यापेक्षा एकच आवाज धर, उदाहरणार्थ हाय-हॅट, तो 'त्स त्स', आणि पाच मिनिटं फक्त त्याच्या मागं जा. तो कधी उघडतो, कधी गायब होतो, परत येतो तेव्हा कुणाला सोबत घेऊन येतो. पाच मिनिटांनी बेसवर ये.

आपल्याला ही सवय नवीन नाही. हे अल्लादिया खाँसाहेबांचं गाव आहे, दरबारात गायक होते ते इथं. देवल क्लब ही गाण्याची संस्था 1883 पासून आहे. तिथं बसणारा श्रोता एकच राग तासभर ऐकतो आणि तोच तोच सूर आहे म्हणून उठून जात नाही. एक स्वर पुढं सरकायला वीस मिनिटं लागली तर त्या वीस मिनिटांतच मजा असते. भजनातही गजर तोच असतो, मृदंगाची लय चढत जाते आणि रात्री दीड वाजता म्हाताऱ्या माणसाचे पाय हलायला लागतात. तुझ्या आज्याला विचार, तो तुला हे माझ्यापेक्षा चांगलं समजावेल.

एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी गोव्यात एका लहान हॉलात मी सिस्टीमवर होतो. दीड वाजून गेला होता, आत शंभर-सव्वाशे माणसं. वाजवणाऱ्या मुलीनं डाव्या डेकवरचा, म्हणजे प्लेअरवरचा, ट्रॅक तसाच चालू ठेवला आणि उजवीकडचा खालून आत घ्यायला सुरुवात केली. पहिली दीड-दोन मिनिटं नव्या ट्रॅकमधला फक्त हाय-हॅट येत होता, सुपात तांदूळ पाखडावेत इतका बारीक. बहुतेकांना तो आलाय हेही कळलं नव्हतं. मग तिनं डावीकडचा 'लो' चा, म्हणजे बेसचा, नॉब दोन बोटांत धरून हळूहळू पार खाली नेला. एका आवर्तनापुरता खोलीत बेसच नव्हता. मी मिक्सरपाशी होतो, मला समोरच्या रांगेतल्या एका पोराचा पाय उचललेला दिसला, खाली टेकायला जमीन शोधत असल्यासारखा. पुढच्या पहिल्या ठोक्यावर तिनं उजवीकडचा 'लो' उघडला आणि सगळा हॉल एकदम अर्धा इंच खाली बसला. आवाज मीटरवर एक डेसिबलही वाढला नव्हता. ट्रॅक नेमका कधी बदलला हे तिथल्या कुणालाच सांगता आलं नसतं, पण सगळ्यांचे पाय बदलले होते. ह्यासाठी मी हा धंदा करतो. पुढं बॉक्सला चिकटून उभं राहिलं की ह्यातलं काहीच कळत नाही, कारण तिथं फक्त दणका पोचतो.

म्हणून जागेचं सांगतो, आणि हे नीट वाच. टॉप म्हणजे वरचा बॉक्स, त्यातला बारीक आवाजाचा हॉर्न तुझ्या कानाच्या उंचीवर असतो आणि तो सरळ कानात मारतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. बॉक्सपासून एक मीटरवर 118 असेल तर दोन मीटरवर 112, चारवर 106, आठवर 100. हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून इतका उतरत नाही, पण फरक पडतोच. दुसरी बाब, बेसची लाट लांब असते. 50 हर्ट्झची लाट जवळपास सात मीटरची. ती कोपऱ्यात आणि भिंतीलगत साचते, तिथं नुसता गुरगुराट ऐकू येतो. दोन्ही बाजूंच्या टॉपपासून सारख्या अंतरावर, हॉलच्या मध्याच्या थोडं मागं उभा राहा. ओळखायची खूण सोपी आहे: साऊंडवाल्याचं मिक्सर जिथं आहे त्याच्या दोन पावलं पुढं. आम्ही सगळी सिस्टीम त्याच भागासाठी ट्यून केलेली असते. तिथं उभं राहून शेजारच्याच्या कानाशी बोललं तर शब्द कळले पाहिजेत. ओरडूनही कळत नसतील तर सिस्टीम चुकीची लावलीय, आणि मग तू कंटाळलास तर तो तुझा दोष नव्हे.

कानाकडं येतो. तुझ्या पत्रातल्या याच ओळीनं मला एवढं सगळं लिहायला बसवलं. दीड दिवस कान वाजणं म्हणजे कानानं दिलेली ताकीद आहे. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी थकलेल्या असतात. बऱ्याचदा त्या सावरतात, पण मेलेली पेशी परत उगवत नाही. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचं मोजमाप असं आहे: 85 डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास, 100 ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 साली क्लब आणि कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सांगितली ती पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबल. म्हणजे नियम पाळणाऱ्या चांगल्या रात्रीसुद्धा उघड्या कानाचा दिवसभराचा कोटा पाव तासात संपू शकतो.

आणि भावा, तुझा कोटा तर रात्र सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो. तू फेटलिंगला आहेस. शनिवारी दिवसभर ग्राइंडरपाशी, आणि संध्याकाळी आंघोळ करून थेट सिस्टीमपुढं. पुण्याला गेलास तेव्हाही शिफ्ट करूनच गेलेलास ना? कान दोन्ही आवाजांची बेरीज करतो, हा कामाचा आणि हा मजेचा असा भेद त्याला कळत नाही. त्यामुळं या शनिवारी कामावर कानात प्लग घाल. न चुकता, पूर्ण शिफ्टभर. रात्री ते प्लग बरोबर ने.

फोमचा प्लग तुम्हाला कंपनीत मिळतोच, तसा तो उद्यमनगरात सेफ्टीच्या दुकानातही मिळतो. पण निम्मे लोक तो कानाच्या तोंडाशी नुसता अडकवतात. बोटांत वळवून सुतळीसारखा बारीक कर. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढ, प्लग आत सरकव, आणि तो फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटानं दाबून धर. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की बसला. फोम वरच्या पट्टीतले आवाज जास्त कापतो, त्यामुळं हाय-हॅट मंद वाटेल. हे संगीत पुढं आवडलं तर फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लग घे. ते सगळे आवाज साधारण सारखेच 15-20 डेसिबलनं उतरवतात, चव तशीच राहते. 100 मधून 15 खरोखर उतरले तर 85 उरतात, आणि ते कानाला रात्रभर झेपतं. दर तासाला दहा-पंधरा मिनिटं बाहेर हवेवर ये, हेही प्लगइतकंच महत्त्वाचं.

माझं सांगतो, म्हणजे हे पुस्तकी वाटायला नको. ऑपरेटर असताना मी गाडीच्या उजव्या अंगाला उभा असायचो, डावा कान बॉक्सकडं. अशी सात-आठ वर्षं. एकदा राधानगरीच्या बाजूला मित्राच्या शेतावर रात्री झोपलो होतो. उजव्या कुशीवर वळलो आणि रातकिडे थांबले. डाव्या कुशीवर वळलो, परत सुरू. तीन-चार वेळा करून बघितलं. उजवा कान उशीत दाबला गेला की शेत मुकं होत होतं. नंतर कानाची तपासणी केली, तेव्हा डाव्या कानाच्या आलेखात 4000 हर्ट्झपाशी खोल खड्डा होता. मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा तो बहुतेक तिथूनच जायला लागतो, आणि रातकिडाही तिथंच कुठंतरी गातो. ते परत आलेलं नाही, येणारही नाही. तुला दीड दिवस शिट्टी वाजली. ती दोन दिवसांपुढं गेली किंवा एखादा कान कापूस घातल्यासारखा बंद वाटला, तर वाट बघू नकोस, कानाच्या डॉक्टरकडं जा. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी जा.

आता शनिवार. जावं का, हे जागेवर अवलंबून आहे. ठिकाण शेवटच्या क्षणी सांगण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडात 1988 नंतर गोदामात आणि शेतात अशा पार्ट्या व्हायच्या तेव्हा ती रुळली, आणि 1994 ला तिथल्या सरकारनं त्यांच्यावर कायदाच आणला. आज कुणी गर्दी लहान ठेवायला ठिकाण लपवतो आणि कुणी परवानगी नाही म्हणून लपवतो. अंडरग्राउंडचा अर्थ लहान, जाहिरातीशिवाय, संगीतासाठी जमलेली मंडळी एवढाच आहे. बेकायदा असणं त्यात येत नाही.

तेव्हा आयोजकाला सरळ विचार: बंदिस्त हॉल आहे की उघडं? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सभागृह, बँक्वेट हॉल असल्या बंदिस्त जागेत, आतल्या आत, चालतो. सणासुदीला वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पहाटे पाचपर्यंत नाही. उत्तर "फार्महाऊसचं लॉन आहे, कोण येतंय तिथं" असं आलं तर जाऊ नकोस. ऊस बेस अडवत नाही. सात मीटरच्या लाटेला पाचट काय करणार? दोन वाड्यांपलीकडं म्हातारं माणूस जागं होतं, फोन जातो, बाराला पोलिसांची गाडी येते, आणि तू मावसबहिणीला घेऊन अनोळखी रस्त्यावर उभा राहतोस. त्या म्हाताऱ्या माणसाच्या झोपेचाही विचार कर. तक्रार करणारा आपला शत्रू नसतो.

हॉल असेल तर आत शिरल्यावर पहिल्यांदा दुसरा दरवाजा शोध. हे मी अनुभवानं सांगतो. 2016 ला एका शहराबाहेरच्या गोडाऊनमध्ये मी सिस्टीमवर होतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी शटर खाली घेतलं. आत दीडशे माणसं, स्मोक मशीन चालू, हवा यायला वरचे दोन झरोके. साडेबाराला सगळी लाइट गेली. शटर मोटरवर चालणारं होतं, ते उठेना. अंधारात सगळे शटरकडं आले. मी मोबाइलच्या उजेडात मिक्सरच्या टेबलावर चढून "मागं सरका, बसा, खाली बसा" एवढंच ओरडत होतो, कारण पुढची माणसं पत्र्यावर दाबली जात होती. हातानं ओढायची साखळी कुठं आहे हे तिथल्या एकालाच माहीत होतं आणि तो बाहेर होता. त्याला साखळीपर्यंत यायला चार-पाच मिनिटं लागली. एक पोरगी बेशुद्ध झाली होती, वाऱ्यावर आणल्यावर सावरली. कुणी दगावलं नाही. तेव्हापासून दुसरा उघडा दरवाजा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी टेम्पोतून एक बॉक्स उतरवत नाही. तूही तेच कर. एकच शटर असेल तर तिकिटाचे पैसे सोड आणि माघारी ये.

गोळ्या-पावडरीचं स्पष्ट बोलतो, कारण अशा ठिकाणी कुणीतरी देऊ करणारा भेटू शकतो. घेऊ नकोस. जवळ ठेवणं आणि घेणं दोन्ही 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा शरीराची भीती जास्त वाटते. त्या गोळीत खरं काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वर बंद हॉल, नाच, आणि शरीराचं तापमान चढवणारं रसायन. अंग भट्टीसारखं तापतं, आणि काही जण त्यावर लिटरच्या लिटर पाणी पितात, त्यानं रक्तातलं मीठ उतरून वेगळाच धोका होतो. कुणाला असा त्रास होताना दिसला तर लपवालपवी करू नका. बाहेर हवेवर आणा, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. एखाद्याचा जीव वाचवायचा असेल तर तेवढं खरं बोलणं पुरतं.

दारूचं म्हणशील तर तू 24 चा आहेस. आपल्या राज्यात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वय लागतं. पण परतीचा रस्ता जास्त महत्त्वाचा. गाडी चालवणाऱ्यानं काहीच घ्यायचं नाही. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. न पिता जागलेला माणूसही पहाटे साडेचारला डुलक्या घेतो. गळीत हंगाम असेल तर त्याच वेळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं दिवा नसलेल्या, एकामागं दोन जोडलेल्या. त्या अंधारात अगदी जवळ आल्यावरच दिसतात. उजाडेपर्यंत थांबा, किंवा न जागलेला कुणीतरी न्यायला बोलवा.

मावसबहिणीचं: जरूर ने. घरी कुठं जातोय आणि कधी येणार ते दोघांनी खरं सांगून जा, आणि तिला "चल" वाटलं की कारण न विचारता निघायचं असं आधीच ठरव. नाचताना कुणाला हात लागला तर माफी मागून बाजूला व्हायचं, आणि लोकांचे व्हिडिओ काढायचे नाहीत. बर्लिनच्या क्लबांत तर दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात.

वेळेचं एवढंच: नऊला जाऊ नकोस. शिफ्टवरून आल्यावर दोन तास झोप काढ. पोटभर जेव, पण तांबडा-पांढरा रविवारवर ठेव, जड पोटी नाचवत नाही. अकराच्या सुमारास पोच. पहिला अर्धा तास नाचायचंच नाही असं ठरव, मिक्सरपुढच्या त्या जागेवर नुसता उभा राहा आणि हाय-हॅट धर. पाय आपोआप हलले तर हलू देत. थोडं थोडं पाणी पीत राहा, मधे एखादं ओआरएस. दोनपर्यंत असं करूनही काही लागलं नाही तर बिनधास्त घरी ये. मग मीही मान्य करेन की हे तुझ्यासाठी नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

लागलं, आणि पहाटेपर्यंत थांबलास, तर निघताना एक काम कर. हॉलपासून दोनशे पावलं लांब, शेताच्या बांधावर जा. प्लग काढ. आधी उजवा कान हातानं झाक आणि ऐक, मग डावा. रातकिडे दोन्ही बाजूंनी सारखे ऐकू आले का, ते रविवारी मला इथं लिही.